एकावेळी एक

मंडळी, आपल्याकडे सॉफ्टवेअर इंजिनियर या प्राण्याबद्दल एक फार जुना गैरसमज आहे. तो म्हणजे याला कम्प्युटर दुरुस्त करता येतो. मामाचा प्रिंटर कागद गिळतोय, करा याला फोन. शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर गुड मॉर्निंगचे फोटो उतरत नाहीयेत, हाक मारा याला. अस्मादिकांनी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कोडच्या लाखभर ओळी लिहिल्या (आणि त्यातल्या निम्म्या पुसल्या) असतील, पण कॅबिनेटचं झाकण उघडलं की आत काय दिसेल याची आजही थोडी धास्ती वाटते. वरच्या वरच बरं असतं हो आपलं.

पण गेल्या महिन्यात झाकण उघडावंच लागलं. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात केली आमच्या कन्यारत्नाने. २०१८ चा जन्म, त्यामुळे सध्या प्रश्न विचारण्याच्या ऐन भरात आहे. एका रात्री झोपता झोपता म्हणाली, "बाबा, आजोबांचा खरा आवाज कसा होता?"

इथे थोडं मागे जायला हवं. माझ्या बाबांचं २०१६ मध्ये घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. बाबा बचावले, ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात, पण आवाज गेला तो गेलाच. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं होतं. त्यातून जो एकसुरी आवाज येतो तो ऐकून बाबांनी कागदावर लिहिलं, "हा माझा नाही, हॉर्नचा आवाज आहे." आणि यंत्र कपाटात गेलं. फोनवर अगदीच गरज पडली तर काढतात. घरात मात्र नातीच्या वाढदिवसाला आलेली ती एलसीडीची पाटी असते ना, काठीने लिहायचं आणि बटण दाबून पुसायचं, ती बाबांनी बळकावली आहे. टेबलावर चमचा वाजला की समजायचं, बाबांना काहीतरी बोलायचंय.

तर लेकीने बाबांचा आवाज कधीच ऐकलेला नाही. आणि तो ऐकवायचा म्हटलं तर माझ्याकडे एकही रेकॉर्डिंग नाही! विश्वास बसणार नाही, पण नाही. माझ्या लग्नाच्या सीडीत बाबा पाच-सहा ठिकाणी आहेत. तोंड हलतंय, हात हलतायत, आवाज मात्र बँडचा. तेव्हाचे मोबाईल कधीच भंगारात गेले. रात्री दीड वाजेपर्यंत सगळे जुने मेल, सगळे क्लाऊड पालथे घातले. शून्य.

आणि मग दीड वाजता आठवलं. दिवाळी २००९!

तेव्हा सातारच्या घरी २००८ मध्ये असेंबल करून घेतलेला एक डेस्कटॉप होता. मी नवा हेडफोन आणला होता, माईकवाला. माईक चालतोय का बघायला बाबांना समोर बसवलं आणि म्हटलं, "काहीही बोला." आता बाबा म्हणजे एस.टी.च्या डेपोत ऑटो-इलेक्ट्रिशियन म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. घाटात गाडी बंद पडली की ब्रेकडाऊनला जाणारा. "काहीही बोला" म्हटल्यावर त्यांनी एका पावसाळ्या रात्री घाटात बंद पडलेल्या मुक्कामी गाडीची गोष्ट सुरू केली, ती संपवायला त्यांना अर्धा तास लागला. ते सगळं त्या डेस्कटॉपच्या डिस्कवर होतं. आणि तो डेस्कटॉप २०१७ मध्ये घराला रंग दिला तेव्हा माळ्यावर गेला होता.

बॅकअप? हॅ हॅ. लोकांच्या सर्व्हरचे बॅकअप घेण्याबद्दल मला पगार मिळतो. स्वतःच्या घराबद्दल कोण देतंय?

शनिवार, सकाळी ९

शुक्रवारी रात्रीच सातारा गाठलं. सकाळी चहा झाल्या झाल्या माळ्यावरून धूड खाली काढलं. आईने त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं, त्यामुळे धूळ फारशी नव्हती. मॉनिटर जोडला, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. पंखा फिरला. हुश्श! मग स्क्रीनवर आलं की घड्याळ बोंबललंय, एफ-वन दाबा. दाबलं. आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ती ओळ: डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टीम डिस्क अँड प्रेस एंटर.

बायोसमध्ये जाऊन पाहिलं. जिथे डिस्कचं नाव दिसायला हवं तिथे सगळीकडे 'नन', 'नन', 'नन'. ही आमची भगिनी मंडळाची यादी नव्हे. म्हणजे कम्प्युटरच्या लेखी डिस्क नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती.

आता इथे प्रस्तुत लेखकाने काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. घाबरला. आणि घाबरलेला माणूस जे करतो ते सगळं दहा मिनिटांत करून टाकलं. रॅम काढून परत बसवली. डिस्कची लाल डेटा केबल मदरबोर्डवर एका पोर्टातून काढून दुसऱ्या पोर्टात खुपसली. बायोसमध्ये दिसेल ते बदललं, मग 'लोड डिफॉल्ट्स' केलं. दर वेळी बटण बंद, बटण चालू. ऑफिसात ज्युनियर पोराने प्रॉडक्शनवर असं केलं असतं तर मी त्याला मीटिंग रूममध्ये घेतलं असतं.

टण् टण् टण्! चमचा.

बाबा दारात उभे. पाटीवर लिहिलं होतं, "एकावेळी एक."

मग खाली आणखी एक ओळ. "गाडीत आधी करंट बघतात. इंजिन नंतर."

खुर्ची ओढून बाबा बसले. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. पुढचा दीड दिवस वर्कशॉप त्यांचं, मी हेल्पर.

'दिसत नाही' म्हणजे नक्की काय?

पुढचं सांगण्याआधी थोडं ज्ञानदान करून घेतो, चालवून घ्या. 'डिस्क दिसत नाही' ही एक तक्रार नाही, निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची औषधं पूर्ण वेगळी आहेत.

पहिली: डिस्क फिरतच नाही. दुसरी: फिरतेय, पण बायोसला दिसत नाही. तिसरी: बायोसला दिसतेय, पण विंडोजच्या खिडकीत ड्राइव्ह येत नाही. या तिसऱ्या प्रकारात बहुतेकदा डिस्क जिवंत असते. पार्टिशनला अक्षर मिळालेलं नसतं किंवा फाइल सिस्टीम बिघडलेली असते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते. तिथे विंडोज मोठ्या प्रेमाने विचारतं, "इनिशियलाइज करू का? फॉरमॅट करू का?" आत काही हवं असेल तर दोन्ही वेळा 'नाही' म्हणायचं. अगदी सासुरवाडीच्या आग्रहाला म्हणतात तसं नाही, ठाम नाही.

आणि पहिल्या दोन्ही प्रकारांत कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही पैसे मोजून घेतलं तरी, काहीही करू शकत नाही. जी वस्तू बायोसलाच दिसत नाही ती सॉफ्टवेअरला काय दिसणार? माझ्यासारख्या माणसाची पंचाईत होते ती इथेच.

मग बघायचं कसं? कानाने आणि हाताने. डिस्कवर अलगद हात ठेवायचा आणि कॉम्प्युटर चालू करायचा. निरोगी डिस्क काही सेकंदांत वेग पकडते, हाताला बारीक थरथर जाणवते, मग हलकासा 'कट्-कट्' होऊन शांत गुंजारव सुरू होतो. 'टक्... टक्... टक्...' असा ठेका धरून आवाज येत राहिला तर वाचणारं हेड गेलं असं समजा, आणि ताबडतोब बंद करा. पुन्हा चालू करून 'बघू या' म्हणायचं नाही. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आपला केस त्यापुढे डोंगर. बिघडलेलं हेड प्रत्येक चक्कर तबकडीला खरवडू शकतं. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रीजरमध्ये ठेवायची नाही (हा सल्ला देणारे अजून भेटतात, आत दव धरतं, उरलंसुरलंही जातं), सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावायचा जुना तोडगाही आता सहसा चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची स्वतःची मापं बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप न हलवता बोर्ड बदलला तर डिस्क आपल्याच तबकड्या ओळखत नाही.

आणि काहीच आवाज नाही, काहीच थरथर नाही, तर? तर बाबा म्हणतात ते. आधी करंट.

बल्ब

बाबांनी माझा हात डिस्कवर ठेवायला लावला आणि स्वतः बटण दाबलं. एक अगदी बारीक 'ट्र्र' झालं. आणि गप्प. मी म्हटलं, "मेली."

पाटी: "मेलेली ट्र्र करत नाही."

माझा मल्टिमीटर मी मोठ्या हौसेने पुण्याहून आणला होता. डिस्कला दोन प्रकारची वीज लागते. लाल वायरीतून ५ व्होल्ट, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक्स चालतं. पिवळ्या वायरीतून १२ व्होल्ट, तिच्यावर तबकड्या फिरवणारी मोटर. काळ्या दोन्ही अर्थ. आमचा एसएमपीएस जुन्या पद्धतीचा, त्याला डिस्कची नवी सॅटा पिनच नव्हती. त्यामुळे असेंबल करणाऱ्याने तेव्हा जुन्या चार पिनांच्या प्लगला एक जोडवायर लावून दिली होती. मी डिस्क काढून ठेवली, वायरीच्या डिस्ककडच्या टोकाजवळ टाचणी खुपसून मीटर लावला. लाल ५.०, पिवळी १२.१.

"बाबा, व्होल्टेज परफेक्ट आहे! सप्लाय ओके. डिस्कच गेली."

बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहिली. उठले, आत गेले, आणि कॉटखालची पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात त्यांचा टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये बसवलेला इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एस.टी.ची सिस्टीम २४ व्होल्टची, म्हणून शोधून शोधून जीपचा १२ व्होल्टचा, २१ वॉटचा बल्ब लावला. एक वायर काळ्याला, एक त्याच टाचणीला.

बल्ब लागला नाही. म्हणजे लागला, पण देवघरातली समई बरी असा. तांबूस. मग त्यांनी जोडवायर बाजूला करून तोच बल्ब थेट एसएमपीएसच्या प्लगवर लावला. लख्ख!

मी बघतच राहिलो. मग डोक्यात प्रकाश पडला (तोही साधारण २१ वॉटचा). मीटर मोजताना करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे सांधा जळका असला, केसाएवढा जरी टेकत असला, तरी मीटरला १२ व्होल्टच दिसणार. पण मोटर फिरायला लागताना एकदम करंट ओढते. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास मागते. २१ वॉटचा बल्ब घेतो पावणेदोन. म्हणजे बाबांचा बल्ब हा डिस्कचा जवळजवळ हुबेहूब तोतया होता! बल्ब मंद, म्हणजे डिस्कला फिरायला दमच मिळत नव्हता.

प्लग सोडवून पाहिला. जोडवायरीतली पिवळीची पिन प्लॅस्टिकमध्ये मागे सरकलेली, टोकाला काळी कार्बन धरलेली. माळ्यावर चढवताना कुठेतरी ओढ बसली असणार.

पाटी: "मीटर विचारतो, आहे का? बल्ब विचारतो, देतोस का?"

हे वाक्य मी ऑफिसच्या माझ्या डेस्कवर चिकटवलंय. आमच्याकडे सर्व्हरची 'हेल्थ चेक' पास होते आणि खरा लोड आला की सर्व्हर झोपतो. वर्षानुवर्षं आम्ही मीटर लावून बसलोय, बल्ब कोणी लावतच नाही.

बाबांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने पिनचा काटा उचलला, पिन पुढे ढकलली, टक् करून बसली. बल्ब लख्ख. मी डिस्क उचलली तशी चमचा वाजला.

"गाडीला चालेल. हिला नको. नवीन आण."

पोवई नाक्यापर्यंत गाडी मारली. नवी जोडवायर आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल, दोन्ही मिळून फारसे पैसे पडले नाहीत. तुमच्यातले काही जण केव्हाचे पुटपुटत असतील, की अरे बाबा, डिस्क काढून यूएसबी कनेक्टरने लॅपटॉपला का नाही लावली? लावणार होतो. पण माझ्याकडचा कनेक्टर लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचा. ती बिचारी यूएसबीच्या ५ व्होल्टवर भागवते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, वेगळा अॅडॅप्टर लागतो. तो मला त्या दिवशी साताऱ्यात सापडला नाही. आणि बरंच झालं.

दुसरा फॉल्ट

नवी वायर आधी बल्बवर तपासली, मग डिस्कला लावली. बटण. हाताखाली थरथर सुरू झाली, चढत गेली, स्थिर झाली. 'कट्-कट्'. आणि तो शांत गुंजारव. आठ-दहा वर्षांनी! आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "लागला का रे?" मी म्हटलं, "लागला!"

बायोस: नन. नन. नन.

माझे हात गार पडले. फिरतेय पण दिसत नाहीये. म्हणजे दुसरा प्रकार. म्हणजे बोर्ड, फर्मवेअर, हेड, काहीही. मी डोक्यात डेटा रिकव्हरीच्या खर्चाचा हिशोब मांडायला लागलो. खरं सांगायचं तर पैशांचं नव्हतं काही. लेकीला मी "सोमवारी ऐकवतो" असं सांगून आलो होतो, आणि ते मला आता रद्द करायचं होतं.

बाबांनी शांतपणे लिहिलं, "सकाळी काय काय हलवलंस? लिही."

मी पाटी घेतली आणि आरोपीसारखा कबुलीजबाब लिहिला. रॅम. बायोस. बूट ऑर्डर. केबल.

बाबांनी 'केबल'वर काठी ठेवली.

मदरबोर्डवर नीट पाहिलं. सॅटाचे सहा पोर्ट. चार एका रंगाचे, दोन वेगळ्या रंगाचे. सकाळी मी केबल त्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात खुपसली होती. ते दोन पोर्ट मुख्य चिपसेटचे नव्हते, बाजूच्या एका जास्तीच्या चिपचे होते. आणि ती चिप बायोसमध्ये बंद होती. डिफॉल्टच तसा, आणि वर मी स्वतःच्या हाताने डिफॉल्ट लोड केलेले! म्हणजे दुसरा फॉल्ट डिस्कचा नव्हताच. तो फॉल्ट सकाळी सव्वानऊ वाजता मी घातला होता.

केबल मूळ जागी. फक्त केबल. एकावेळी एक.

बायोसच्या पहिल्या ओळीत डिस्कचं नाव आलं. १६० जीबी.

बाबांनी काही लिहिलं नाही. फक्त स्क्रू मोजून वाटीत टाकले. पण मला पुरतं समजलं. पहिला फॉल्ट न शोधता मी घाईघाईत जे केलं, त्याने खऱ्या दुखण्यावर आणखी एक खोटं दुखणं चढवलं होतं. समजा घाबरून मी ती डिस्क कोणाला देऊन "मेलीय" म्हणून सांगितलं असतं, तर? डीबगिंगच्या ज्या चार गोष्टी मी लोकांना पीपीटी करून शिकवतो, त्या सगळ्या एका पाटीवर, दोन शब्दांत लिहिलेल्या होत्या.

रविवार

आता मोह असा होता की सरळ विंडोज चालू करावं आणि फाइल उघडावी. नाही केलं. एवढी अक्कल होती. विंडोज चालू झालं की ते डिस्कवर शंभर ठिकाणी लिहायला लागतं, आणि वर्षानुवर्षं पडलेली डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. आधी डिस्कची 'स्मार्ट' माहिती पाहिली. ही डिस्कने स्वतःच लिहून ठेवलेली आजारपणाची डायरी. त्यात ५ नंबर म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताना अडखळलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. आणि १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही, केबलचा. आमच्या डिस्कच्या १९७ मध्ये ११ आकडा होता. म्हणजे म्हातारीला खोकला होता.

मग डीडीरेस्क्यू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे फुकट मिळणारं प्रोग्रॅम अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढतं. आधी जे भाग सहज वाचता येतात ते उचलतं, अडलेले नंतरसाठी ठेवतं, आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं. मध्येच लाइट गेली तर तिथून पुढे सुरू. जुन्या यूएसबीचा वेग सेकंदाला तीसेक एमबी, त्यामुळे १६० जीबीला दीड तास आणि वर अडलेल्या सेक्टरांसाठी अर्धा तास. आईने तेवढ्यात पुरणपोळ्या केल्या. बाबा टक्केवारीच्या आकड्याकडे बघत बसले होते, जसे पूर्वी क्रिकेटचा स्कोअर बघायचे.

गंमत बघा. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तिच्यात ५० तबकड्या होत्या, कपाटाएवढं धूड होतं, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. मला या १६० जीबीतून हवं होतं ते फक्त ३० एमबी.

तीसच का? तर एक्सपीतला साउंड रेकॉर्डर एका दमात ६० सेकंदच रेकॉर्ड करायचा, आठवतंय? मिनिट झालं की आपोआप बंद. मला २००९ मध्ये दुसरं काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे बाबांची अर्ध्या तासाची गोष्ट 'टेस्ट १', 'टेस्ट २' करत 'टेस्ट २३' पर्यंत, मिनिटामिनिटाच्या तेवीस तुकड्यांत कापलेली होती.

तेवीसच्या तेवीस आल्या. अकरांपैकी नऊ सेक्टर डीडीरेस्क्यूने नंतर वाचून दाखवले, दोन गेले. त्यातला एक बरोबर 'टेस्ट १४' मध्ये. ५१२ बाइट. मी हिशोब केला, सेकंदाला २२,०५० बाइट या दराने ते होतात २३ मिलिसेकंद. एवढीशी उचकी.

सोमवारपर्यंत थांबलो नाही. लेकीला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला, फोन टेबलावर उभा केला आणि 'टेस्ट १' चालू केलं.

आधी खरखर. मग माझा आवाज, "बोला ना बाबा." आणि मग बाबा.

मी विसरलो होतो हो. माणसाचा आवाज विसरतो आपण, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मला आठवतोय. भरदार, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी 'काय?' म्हणून थांबायची लकब. आई पदर हातात धरून दारात उभी राहिली, आत आलीच नाही. पलीकडून लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतक्या जोरात बोलायचात?"

बाबा डोळे मिटून ऐकत होते. नऊ तुकडे झाले, दहावा सुरू झाला, आणि एकदम चमचा वाजला. मी थांबवलं. मला वाटलं, झालं, आता हे रडणार. मीही तयारीतच होतो.

बाबांनी पाटीवर लिहिलं, "चूक सांगितलंय. फॅन बेल्ट नव्हता. डायनॅमोची वायर होती."

:-)

आता थोडं बाकी. ऐकताना लक्षात आलं की प्रत्येक तुकड्याच्या शेवटी बाबांचं वाक्य अर्धवट तुटतं. रेकॉर्डर बंद व्हायचा, मी 'सेव्ह' करून पुन्हा सुरू करेपर्यंत बाबा बोलतच असायचे. तेवढं कुठल्याच डिस्कवर नाही. बावीस फटी. ते कुठलाही डीडीरेस्क्यू आणू शकत नाही.

ते बाबा आणतायत. एका वहीत त्यांनी १ ते २२ आकडे घातलेत, आणि प्रत्येक आकड्यासमोर मधलं राहिलेलं लिहून काढतायत. आमच्याकडे रात्री एक मिनिट आजोबा बोलतात, मग मी वहीतून फोनवर आलेला फोटो वाचून दाखवतो, मग पुन्हा आजोबा. लेकीचं म्हणणं असं की मी वाचतो तो भाग बोअर आहे. काय बोलणार!

सध्या आठव्या फटीपर्यंत आलोय. घाई करायची नाही असं वरून बजावलेलं आहे.

असो. तेवीस फायली आता तीन ठिकाणी आहेत, एक सातारा, एक पुणे, एक क्लाऊडवर. तुमच्याही माळ्यावर असं एखादं धूड असेल तर या वीकएंडला खाली काढा. आणि बटण दाबायच्या आधी बल्ब लावून बघा.